मिळून न आलेला बाप

पोटगीचं एक वॉरंट मला अजून विसरता आलेलं नाही. खून, दरोडे यांचे तपशील काळाच्या ओघात एकमेकांत मिसळून गेले, हे प्रकरण मात्र वेगळं राहिलं. यातल्या कुणाचंच नाव मी लिहिणार नाही, कारण त्यातली मुलगी अजून शाळेत जाते.

निवृत्तीला थोडा काळ उरला होता आणि मी बोईसर-तारापूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. औद्योगिक वसाहतीचं ठाणं म्हणजे सकाळपासून तक्रारदारांची गर्दी. कुणाचा मोबाईल चोरीला गेलेला, कुणाची पगारावरून मारामारी, कुणाचं खोलीमालकाशी भांडण. त्यात न्यायालयाकडून समन्स-वॉरंटांचा गठ्ठा येतो, आणि पोटगीचं वॉरंट त्या गठ्ठ्यात नेहमी खाली जातं.

हे वॉरंट एका बापाच्या नावाचं होतं. डोंगराकडच्या पाड्यावरचा माणूस, पावसाळी शेती पुरत नाही म्हणून बायको-मुलीला घेऊन बोईसरला आला आणि ठेकेदाराकडे कामाला लागला. बायको काविळीने गेली. त्यानंतर तो दारू प्यायला लागला. कामावर जाताना मुलीला खोलीत कोंडून जायचा. तिचं रडणं ऐकून शेजाऱ्यांनी कळवलं, आणि बाल कल्याण समितीने मुलीला ताब्यात घेऊन केळव्याच्या एका जोडप्याकडे सांभाळायला दिलं. अशा घराला पालक कुटुंब म्हणतात. मूल तिथे दत्तक जात नाही. बापाचा हक्क राहतो आणि जबाबदारीही राहते. म्हणून न्यायालयाने त्याला मुलीच्या खर्चासाठी दरमहा रक्कम भरायला सांगितलं होतं. बरेच महिने त्याने ती भरली, मग एकदम बंद केली. नोटिसांना उत्तर नाही, तारखेला हजर नाही. शेवटी वॉरंट निघालं.

आमच्या वॉरंट हवालदाराने दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि अहवाल लिहिला: सदर इसम मिळून येत नाही. ठेकेदाराच्या मुकादमाने हवालदाराला सांगितलं होतं की, हा माणूस एका बाईबरोबर गुजरातकडे निघून गेला. हवालदाराला स्वतःलाही एक मुलगी होती. त्याला फार राग आला, आणि तो त्याने मजूर नाक्यावर सगळ्यांसमोर बोलूनही दाखवला.

त्यानंतर काही दिवसांनी एक कामगार ठाण्यात आला. मोबाईल हरवल्याची तक्रार आहे, पण मोठ्या साहेबांनाच सांगेन, असा हट्ट धरून बसला. ठाणे अंमलदाराने कंटाळून त्याला माझ्याकडे पाठवलं. दार लोटल्यावर तो म्हणाला, "मोबाइल नहीं खोया है, साहब."

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"हवालदार साहब नाके पर उसको गाली दे रहे थे. बोले, बाप कहलाने लायक नहीं है." तो खाली बघत होता. "मरे हुए को गाली नहीं देते, साहब."

कोण, कधी, कुठे, मी बरंच विचारलं. "मुकादम से पूछिए, मेरा नाम मत लीजिए," एवढंच बोलून तो गेला. पाठीमागे गावाकडे कुटुंब असलेला माणूस साक्षीला घाबरतो, त्यात नवल नाही.

माझ्या हातात काहीच नव्हतं. प्रेत नाही, तक्रार नाही, माणूस हरवल्याची नोंदसुद्धा नाही. मुकादमाला लगेच उचललं असतं तर त्याने तीच गुजरातची गोष्ट सांगितली असती. म्हणून आधी मी साध्या कपड्यांत केळव्याला गेलो.

मुलीला सांभाळणारी बाई वाडीत वाळत घातलेल्या सुपाऱ्या निवडत होती. तिची स्वतःची मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेलेली. माझं येणं कशासाठी आहे ते ऐकून तिने हातातलं काम थांबवलं.

"सायेब, तो पळून जायचा नाय. दारू सोडलीन त्यानं. सुट्टीच्या दिवशी येयाचा, पोरीची येनी घालायचा. पयली वाकडीतिकडी घालायचा, मंग माझ्याकडून शिकला." थोडं थांबून ती म्हणाली, "पोरगी कदी परत मिळंल, येवढंच इचारायचा. असा मानूस पोरीला टाकून जाईल काय, तुमीच सांगा."

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. साध्या कपड्यांतही मी पोलीस आहे हे तिने ओळखलं असावं. दारातच उभी राहून तिने विचारलं, "बाबाला पकडलं काय?"

शाळेतल्या मुलांनी तिला सांगितलं होतं, तुझा बाप तुला टाकून पळाला, पोलीस त्याला शोधतायत. मी तिला एवढंच म्हणालो की, अजून शोध चालू आहे.

तिथून मी बोईसरच्या त्याच्या चाळीत गेलो. घरमालकीण वयस्कर, स्पष्ट बोलणारी. तिने सांगितलं की, तो दिसेनासा झाला त्याच संध्याकाळी मुकादम आला, खोली उघडून सामान घेऊन गेला. तो गुजरातला गेला, आता येणार नाही, असं म्हणाला.

"कुलूप तोडलं का?" मी विचारलं.

"नाय, चावी होती त्याच्याकडं." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पन चावी तर तो करदोऱ्याला बांधायचा. आंगोळीलाबी सोडायचा नाय. एकदा हरवलेली, तवापासून."

मी तिचा जबाब तिथेच नोंदवून घेतला. मग मुकादमाला ठाण्यात बोलावलं.

तो निवांत आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, बोलू दिलं. गुजरातला गेलेल्या बाईचं गाव, तिची साडी, ती कुणाकडे कामाला होती, सगळं त्याने सांगितलं. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. खरं बोलणारा माणूस बहुतेक वेळा विचारलं तेवढंच सांगतो आणि मधे अडखळतो. हा कुठेच अडखळत नव्हता.

"खोलीची किल्ली तुझ्याकडे कशी आली?"

"त्यानंच दिली, जाताना."

"कुठून काढून दिली?"

"खिशातून."

"तो किल्ली कमरेच्या करदोऱ्याला बांधायचा," मी म्हणालो. "तू गाठ सोडलीस की दोरा कापलास?"

तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला. पाणी मागितलं, पण प्यायला नाही. मग म्हणाला, "कापला."

त्यानंतर त्याला काही विचारावं लागलं नाही. एका कारखान्यातली टाकी साफ करायचं काम ठेकेदाराने घेतलं होतं. आत उतरण्याआधी हवा तपासली नव्हती, तोंडाला मास्क नव्हता. मुलीचा बाप उतरला आणि कोसळला. वर काढला तेव्हा संपला होता. त्याचं नाव कुठल्याही हजेरीत नव्हतं. ठेकेदाराने प्रेत रिकाम्या पिंपांच्या टेम्पोत घालायला लावलं आणि अंधार पडल्यावर खाडीत सोडायला सांगितलं. मधल्या वेळात मुकादम खोली रिकामी करून आला.

शेजारच्या ठाण्याकडे चौकशी केली. नवापूरच्या बाजूला मच्छीमारांना किनाऱ्यावर एक अनोळखी प्रेत मिळाल्याची अकस्मात मृत्यूची नोंद तिथे होती. वारस मिळाला नाही म्हणून दफन झालं होतं, पण डॉक्टरांनी नमुने राखून ठेवले होते. ओळख पटवायला रक्ताचं नातं हवं होतं, आणि जवळचं नातं एकच होतं.

केळव्याच्या बाई मुलीला घेऊन पालघरच्या रुग्णालयात आल्या. परिचारिकेने दंडाला पट्टा बांधला तेव्हा मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "हे कशाला?"

"तुझ्या बाबाचा शोध लागावा म्हणून."

सुई टोचताना ती हललीसुद्धा नाही. काम झाल्यावर म्हणाली, "थोडं वाटत असंल तर अजून घ्या."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

डीएनए अहवाल जुळला. ठेकेदार आणि मुकादम दोघांना अटक झाली. निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणे या कलमांखाली दोषारोपपत्र गेलं. कारखान्याने हा माणूस आमचा नव्हेच, असं लेखी कळवलं. दोघे आरोपी जामिनावर बाहेर आहेत आणि खटला अजून चालू आहे. जबाबात ठेकेदार एक वाक्य शांतपणे बोलून गेला होता: "बायको मेलेली, पोरगी सरकारने नेलेली. त्याच्यामागे विचारायला येणारं कोण होतं, साहेब?"

त्याचा हिशोब तसा चुकीचा नव्हता. पाड्यावरच्या भावकीला वाटत होतं की तो बोईसरला आहे, बोईसरला वाटत होतं की तो गुजरातला आहे. त्याला शोधत होतं ते फक्त न्यायालय, आणि तेही थकबाकीदार म्हणून. मुलीचं देणं डोक्यावर नसतं, तर तो कुणाच्याही लक्षात न येता नाहीसा झाला असता. त्यानंतर ठाण्यात कुणी 'फरार' किंवा 'मिळून येत नाही' असं लिहून आणलं की, मी विचारायचो, त्याला शेवटचं कुणी पाहिलं? पुष्कळदा माणूस खरंच पळालेला असायचा. पण विचारायला फार वेळ लागत नाही.

वॉरंटावर 'सदर इसम मयत' असा शेवटचा अहवाल त्याच हवालदाराने लिहिला. मुलीला सांगायला जाताना, मीही येतो म्हणाला.

केळव्याला बाईंनी मुलीला जवळ घेतलं आणि मी सांगितलं. तुझा बाबा पळून गेला नव्हता. तो कामावर वारला, आणि ते लोकांनी लपवून ठेवलं. तुझ्याकडे यायचं बंद झालं ते त्यामुळे.

ती रडली नाही. तिने विचारलं, "म्हनजे तो मला टाकून गेला नव्हता?"

"नाही," हवालदार म्हणाला.

मुलगी उठली, वाडीच्या कुंपणापाशी गेली. पलीकडे तिच्या वर्गातल्या दोन मुली खेळत होत्या. "माझा बाबा पळाला नव्हता," तिने त्यांना हाक मारून सांगितलं. "तो मेला." आवाजात दुःख नव्हतं. पहिला नंबर आल्यावर मुलं सांगतात तसं ती सांगत होती. बाईंनी पदर तोंडाला लावला.

नोकरीत मी कितीतरी घरांत मृत्यूची बातमी नेली. ती ऐकून सुटल्यासारखं झालेलं माणूस मी एकच पाहिलं, आणि ती दहा वर्षांचीही नव्हती.