कापू नका

१८ नोव्हेंबर. लग्नाचा बस्ता आटोपून मंडळी गेली होती आणि गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. दाखवलेल्या साड्या पुन्हा घड्या घालून फळीवर लावायला मी आणि विक्रीवरची ती पोरगी, दोघीच मागे राहिलो होतो. इस्लामपुरातलं हे साड्यांचं दुकान. विक्रीच्या बायकांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे.

तिची घडी नीट बसत नव्हती. दुपारी तिने शालूचा ब्लाउजपीस कापला होता. नवऱ्या मुलाची आई म्हणाली होती, "कापू नका." हिने ऐकलं, "कापून टाका." सवयीने "व्हय" म्हणाली आणि कात्री चालवली.

"आमच्यात हळदकुंकू लावल्याबिगर शालूला कात्री लावत न्हाईत! कान हायत का नुसती भोकं?" बाई ओरडल्या. बस्त्याला आलेली सगळी मंडळी हसली. तीही हसली.

संध्याकाळी शेठनी मला सांगितलं, उद्यापासून तिला वर गोडाऊनमध्ये पाठवा. लग्नसराई संपली की गोडाऊनच्या बायकांना घरी बसवतात, हे तिलाही माहीत होतं. घर तिच्याच पगारावर चालतं.

तिचा डावा कान लहानपणीच्या तापात गेलेला. समोर एकच माणूस असेल तर उजव्या कानाने तिला व्यवस्थित ऐकू येतं. दहा जण एकदम बोलू लागले की सगळा कालवा होतो, मग ती प्रत्येकाला "व्हय" म्हणत सुटते. हे दुकानात फक्त मला माहीत होतं आणि कुणाला सांगायचं नाही, असं तिने बजावलं होतं.

मी तिच्या उजव्या बाजूला गेले. "आता शेठना सांगते."

"नको ताई. भैरी म्हनून नाव पडलं की संपलं."

"आणि नाही सांगितलं तर वेंधळी म्हणून काढतील. त्यात काय बरं आहे?"

"वेंधळी बरी. वेंधळी सुधारती, असं तरी वाटतं लोकास्नी."

आम्ही घड्या घालत राहिलो. ढीग संपत आला तेव्हा ती म्हणाली, "सांगा. पन उद्याचा बस्ता मलाच द्या म्हनावं. एकदा वर गेले की खाली कोन बोलवतंय?"

शेठ दुकान बंद करायच्या बेतात होते. तिच्या कानाचं आणि उद्याच्या बस्त्याचं ऐकून म्हणाले, "आवं बाई, बघून तर काय कळत न्हाई."

"बघून कळणारच नाही, शेठ."

"बरं. उद्याचा एक बस्ता. परत कात्री चुकली तर मग मला काय सांगायला येऊ नका."

उद्याची मंडळी उंब्रजची, मोठा गोतावळा. शब्द मी टाकला होता, चुकली तर नोकरी तिची जाणार होती.

सकाळी लवकर जाऊन मी गादी भिंतीकडे सरकवली, तिची डावी बाजू भिंतीला येईल अशी. गाण्यांचा स्पीकर बंद केला. गिऱ्हाइकाने कापडावर बोट ठेवून दाखवल्याशिवाय काहीही कापायचं नाही, असं ठरवलं. मंडळी आली ती बोलतच. एक म्हातारी गादीला वळसा घालून भिंतीच्या कडेने आत घुसली आणि तिच्या पाठीमागून काहीतरी विचारू लागली. उत्तर नाही.

"ही पोरगी ऐकंना की!"

शेठनी गल्ल्यावरून मान वर केली. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती वळली.

"आजी, ह्या अंगाला या. डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाई."

म्हातारी मांडी घालून तिच्या उजवीकडे बसली. "माझं तर दोनी गेल्यात बाई. तूच वरडून बोल."

कुणीतरी हसलं. शेठ अजून बघतच होते. मी मधल्या बायकांना मागे सारलं, घरघरणारा पंखा बंद केला आणि पहिली साडी उलगडली.