मेंढ्या कोकणात, मी व्यासपीठावर

दिवाळी अंक बाजारात येतात, तेव्हा माझी अक्का कोकणात निघायच्या तयारीत असते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं खोडदचं माहेर मेंढरांचं, आणि तिला दिलं तेही गावातल्याच मेंढरंवाल्या घरात. दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादायचं, माळशेज घाटानं खाली उतरायचं, भात निघालेल्या खाचरांत खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायचं. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

आणि मराठी लेखकाचा हंगामही नेमका तोच! व्याख्यानमाला, संमेलनं, प्रकाशनं, सगळं दिवाळीनंतर. पावसाळ्यात आम्हाला काळं कुत्रं विचारत नाही. त्यामुळे मी व्यासपीठावर असते तेव्हा अक्का खाली कुठल्यातरी खाचरात चूल मांडत असते. तिथं फोनलाही रेंज नसते. विज्ञानकथांची इतकी पुस्तकं झाली, पण तिनं मला एकदाही वाचताना ऐकलेलं नाही. शाल-नारळ पुष्कळ जमलेत. मला फक्त एकदा अक्का पुढच्या रांगेत बसलेली हवी आहे. बस्स, एकदा.

मुलाखत घेणारे दरवेळी विचारतात, ‘‘गावाकडं वाढून अशा कल्पना कशा सुचल्या?’’ जणू कल्पनाशक्ती नळानं पुण्यातच येते. मी सांगत नाही, पण सुचवणारी अक्काच. लहानपणी आम्ही गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्यांच्या कडेनं मेंढ्या चारायचो. तबकड्या हळूहळू वळायच्या. मी विचारलं, ह्या काय ऐकतात गं? अक्का काठीवर हनुवटी टेकून म्हणाली, ‘‘वर बी कुणीतरी मेंढरं हाकतंय. त्याची हाळी ऐकत्यात.’’ झालं! मी दिवसभर आभाळाकडं बघत राहिले आणि दोन कोकरं कुणाच्या तरी कांद्यात शिरली. शिव्या अक्कानं खाल्ल्या.

यंदा आलेली माझी कादंबरी अशा ग्रहावरची आहे, जिथं हिवाळा माणसाच्या जन्माएवढा लांब असतो आणि सगळी माणसं जनावरं घेऊन उन्हाच्या मागं चालत राहतात. एका परीक्षणात तिला ‘भविष्यातली उत्तुंग झेप’ म्हटलंय. झेप डोंबलाची! ती अक्का आहे. तिचं चालणं, तिचं तीन दगडांची चूल मांडणं, पाऊस यायच्या आधी नाक वर करून थांबणं. पण शाळा चौथीत सुटली तिची, एवढं जाड पुस्तक ती कुठलं वाचायला. मलाच वाचून दाखवायचंय. म्हणून दरवर्षी मी आयोजकांना म्हणते, खोडदला आषाढात ठेवा ना एक कार्यक्रम. ते हसतात. ‘‘मॅडम, पावसात कोण येतं ऐकायला?’’

परवा दिवाळीच्या आधी घोडेगावजवळच्या शिनोलीच्या शाळेत कार्यशाळा होती. शंभर वर्षांनी आपलं गाव कसं असेल ते लिहा, असं मुलांना सांगितलं. निम्म्या गोष्टींत बिबट्या! एका पोरीच्या बिबट्याला तर मोबाईल होता, तो येण्याआधी मिस्ड कॉल द्यायचा. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हे अक्काला सांगायलाच हवं, असं मनात येतंय तोवर घोडेगावच्या स्टँडवर तिचाच फोन आला.

‘‘बये, औंदा आमी जात न्हाई.’’

‘‘का गं? काय झालं?’’

‘‘मेंढरं दिली इकून. समदी. ह्यांचं गुडघं गेलं, पोरगं चाकणला कंपनीत. हाकायची कुणी?’’

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा आनंदच झाला. आता ती हिवाळाभर घरी! मी लगेच सुरू झाले. डिसेंबरात पुण्यात व्याख्यान आहे, मग नाशिकला वाचन, जानेवारीत नगरला मुलाखत. गाडी पाठवते, पुढच्या रांगेत बसवते, नवी साडी घेऊ. एका दमात सगळं बोलून टाकलं.

‘‘अक्का, आहेस ना?’’

‘‘हाय की. ऐकतीया.’’ मग म्हणाली, ‘‘रातची झोप लागत न्हाई गं. मेंढरांचं वाडगं मोकळं. कुणी खाकरत न्हाई, कुणी वरडत न्हाई. लई सुनं वाटतं.’’

जे मी इतकी वर्षं मागत होते ते मिळालं होतं, आणि ते असं मिळायला नको होतं. तिची मेंढरं गेली आणि मी तिला तारखा सांगत बसले होते.

‘‘कारेक्रमाला येईन की मी,’’ ती म्हणाली, माझीच समजूत काढल्यासारखी. ‘‘पर तू घरी कवा येतीस?’’

‘‘मी? बघते ना. जानेवारी झाला की...’’

‘‘आत्ता कुठं हाईस?’’

‘‘घोडेगावला. स्टँडवर.’’

‘‘मंग हितंच तर हाईस. दर साली कोकणातनं परतताना गाव जवळ आलं, की मी पयलं वाटंकडं बघती, तू आलीस का म्हणून.’’

इतकी वर्षं वाट फक्त मीच बघतेय, असं मी धरून चालले होते.

पुण्याची, माझी परतीची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, ‘‘बसा मॅडम, निघाली.’’ मी त्याला नारायणगावची गाडी कधी आहे ते विचारलं. खोडदला जायला ती धरावी लागते.