चाचांच्या दारात कुणी बसलं नाही

हैदराबादेत अंबरपेठला आमच्या शेजारी फारसीचे एक निवृत्त मास्तर राहत. बायको वारलेली, मुलगी सिकंदराबादला दिलेली. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आमच्याकडे त्यांच्या घरचं शिजवलेलं चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ईदला ते कोठीच्या बाजारातून फळांची करंडी आणायचे.

निजामाचं राज्य संपायच्या आधीचे महिने वाईट होते. रझाकारांच्या धास्तीनं आम्ही दिवसासुद्धा दारं लावून बसायचो. एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा ऐकू आला. चाचा स्वतःची खुर्ची घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. वडिलांना म्हणाले, "तुम अंदर बैठो भाईसाब. मैं देखता हूँ." जमावातले दोघेतिघे त्यांच्या हाताखाली शिकलेले निघाले. त्यांनी मान खाली घालून सलाम केला आणि सगळे पुढे गेले.

मग हिंदुस्थानी फौज आली. गल्लीत पेढे वाटले गेले. चाचांचं घर तेवढं वगळलं. आठवड्याभरात एक घोळका त्यांच्या दारात आला. हत्यारं लपवलीत म्हणत सामान बाहेर फेकू लागला. त्यात आमच्या गल्लीतलेही होते.

आई वडिलांना म्हणाली, "अहो, जा ना! तुमचं ऐकतील ते."

वडील कोर्टात कारकून, माणसं त्यांना मानत. त्यांनी टोपी घातली, दाराच्या कडीला हात लावला आणि तसेच उभे राहिले. बाहेर सगळं शांत होईपर्यंत कडी काही निघाली नाही. मी दहा वर्षांची होते. मग त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी चाचा रस्त्यावरची पुस्तकांची पानं गोळा करत होते. वडील जवळ गेले आणि वाकून पानं उचलू लागले. चाचाच म्हणाले, "बालबच्चेवाले हो. नहीं आए, अच्छा किया."

संध्याकाळी मुलगी त्यांना घेऊन गेली. वडील कामानिमित्त कितीदा तरी सिकंदराबादला जात, पण तिच्या घरी कधी गेले नाहीत. चाचा वारल्याचं आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

आता आमच्या अपार्टमेंटमधल्या बायका म्हणतात, "हल्ली कुणी कुणाचं राहिलं नाही. तुमच्या काळी कसा शेजारधर्म होता, नाही का आजी?"

मी मान हलवते. होय म्हणवत नाही, आणि खरं सांगायला तोंड उघडत नाही.