सिस्टर काय पुटपुटल्या?

प्रसूतिगृहात सव्वीस वर्षं काढलेल्या सिस्टरना एक सवय होती. बाळ हातात आलं की त्या ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायच्या. कळांनी बेजार झालेल्या बायकांचं तिकडे लक्ष नसे.

एका दुपारी मात्र एका बाळाच्या आजींनी दाराच्या फटीतून ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाळाला कावीळ झाली आणि आजींची खात्रीच पटली.

"हिनंच काहीतरी म्हटलंय! डोळ्यांनी पाहिलंय मी."

त्यांचा मुलगा, म्हणजे बाळाचा बाप, स्पॅनिश शिकवायचा. ओशाळत तो सिस्टरकडे आला. "आई उगाच काहीतरी बोलते हो. पण... काय म्हणालात तुम्ही?"

"दोन अकरा, दोन अकरा," सिस्टर फणकारल्या. "जन्मवेळ! हात भरलेले, लिहू कशी? म्हणून घोकते."

त्याच्या जिवात जीव आला. हसत म्हणाला, "स्पॅनिशमध्ये भाग्याला 'दिचा' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बोललेलं'. मूल जन्मताना देव जे बोलतील तेच त्याचं नशीब, असं जुने लोक मानायचे."

तो हसत निघून गेला, पण सिस्टरच्या डोक्याला भुंगा लागला. आपण नुसती वेळच म्हणतो? परवा एकाला "केवढंसं हे!" म्हटलं. त्याआधी एकीला "सुटलो बाई एकदाचे." ते चिकटलं असेल तर?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंडाला कुलूपच लावलं. झालं! आता बाळंतिणी घाबरून विचारू लागल्या, "सिस्टर, बोलत का नाही? बाळ बरंय ना?" नातेवाईक दाराशी कुजबुजू लागले. शेवटी डॉक्टरीणबाई वैतागल्या. "अहो, बोला काहीतरी! तुम्ही गप्प बसलात की माझ्याच पोटात गोळा येतो."

तेव्हापासून सिस्टर वेळ खणखणीत आवाजात सांगू लागल्या, बाहेर ऐकू जाईल अशी. त्यापलीकडे अक्षर नाही.

आठवड्याभरात बाळाची कावीळ उतरली. घरी निघताना आजींनी माफीबिफी काही मागितली नाही. दुपट्यातलं बाळ सिस्टरपुढे धरलं आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "म्हणा काहीतरी. पण नीट विचार करून."

सिस्टरनी बाळाकडे पाहिलं, मग आजींकडे.

"दीड महिन्यानं लसीला आणा."