अकरा संध्याकाळी न हललेला दिवा

चहा आधी संपवा, कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचा चहाही घेणार नाही.

सात वर्षं परदेशात राहून मी काय शिकले? प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य शोधायला. हसू नका. हवा हलते म्हणून दुर्बिणीत तारा थरथरतो. मोठ्या दुर्बिणींत तो स्थिर करायला एक लवचीक आरसा असतो, आणि तो किती वाकवायचा हे कळायला ठिपक्याचा मध्य अचूक सापडावा लागतो. मध्य चुकला की आरसा चुकला, आरसा चुकला की तारा गेला. हे काम आपल्या देशात, स्वस्तात करून दाखवीन, असा पण करून मी काशीला, रामघाटावर, काकूंकडे परतले.

सरावाला तारा हवा होता. तो काकूंनीच दिला. कार्तिकात आमच्या घाटावर उंच बांबूंना टोपल्या टांगून आत दिवे लावतात, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. त्यातला एक विनूदादाचा. काकूंचा एकुलता एक. गेल्या श्रावणात गंगेत बुडाला, तिसऱ्या दिवशी रामनगरच्या बाजूला सापडला. महिनाभर एकही संध्याकाळ दिवा चुकू नये, एवढंच काकूंचं मागणं. पण त्यांचा पाय प्लास्टरमध्ये, त्या खालच्या खोलीत. लावायचं काम रामधनी नावाड्याचं, बघायचं माझं.

आता बघायचं म्हणजे गच्चीवर जाऊन मान वर करायची? छे. त्यासाठी का सात वर्षं शिकले? मी गच्चीवर कॅमेरा लावला आणि लॅपटॉप घेऊन काकूंच्या उशाशी बसले. पडद्यावर नुसता काळोख आणि एक पांढरा ठिपका. बाकीचा उजेड मीच कापून टाकला होता, मध्य बिघडवतो म्हणून.

पहिले तीन दिवस ठिपका माशीसारखा उडत होता. मी प्रोग्राम तीनदा बदलला. चौथ्या संध्याकाळी तो थांबला. तसूभरही हलेना. मला रडू आलं. काकूंनी पडद्याला हात जोडले.

"विनू शांत झाला गं," त्या म्हणाल्या.

आणि विज्ञानासाठी जीव टाकणारी मी म्हणाले, "हो काकू."

मग काय विचारता. गल्लीतल्या दोघी जणी ठिपक्याला नमस्कार करून गेल्या. मी परदेशातल्या सरांना आलेख पाठवला आणि खाली लिहिलं की, घाटावरचे निकाल तुमच्या प्रयोगशाळेपेक्षा सरस आहेत.

एका सकाळी रामधनी दारात आले. काल ताप होता, दिवा लावता आला नाही, माफ करा म्हणाले. काकूंनी आतूनच धीर दिला की दिवा तर जळत होता, मुलीने यंत्रात पाहिला. ते हात जोडून गेले. मला शंका आली का? नाही. मला वाटलं, लावला असेल कुणीतरी, घाटावरची माणसं भली.

पंधराव्या दिवशी प्लास्टर निघालं. संध्याकाळी काकू एकेक पायरी बसत गच्चीवर आल्या. त्यांना दिवा डोळ्यांनी बघायचा होता. मी लॅपटॉप घेऊन मागोमाग.

काकू बराच वेळ बांबूंकडे बघत राहिल्या. मग कॅमेऱ्याकडे वळल्या.

"ह्याचं तोंड झाकलंय का गं?"

झाकलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी माकडं आली म्हणून मीच टोपण लावलं होतं, आणि काढायचं विसरले होते. आणि माझ्या हातातल्या पडद्यावर ठिपका जळतच होता. कॅमेऱ्याच्या लाखो पिक्सेलांत एखादा बिघडलेला असतो, तो मिट्ट काळोखातही उजळतो. तिकडे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात की आधी टोपण लावून बघा, तेव्हा जो दिसेल तो तारा नव्हे. ते शिकवायला मीच जायचे.

समोर रांगेतले बाकीचे सगळे दिवे लागले होते. विनूदादाची टोपली काळी होती.

मी धावत घाटावर गेले. रामधनी नाव बांधत होते.

"आप ही लोग तो कहे कि जल रहा है," ते खाली बघत म्हणाले. "हम समझे, घर का कोई जला रहा है."

त्या दिवशी टोपली मी खाली उतरवली, वात लावली, दोर ओढला. परत आले तर काकू रागावल्या नाहीत. तेच वाईट.

"पोरगा इतके दिवस अंधारात चालला असेल," त्या म्हणाल्या, "आणि मी तुझ्या डब्याला नमस्कार करत होते."

महिन्याचे उरलेले दिवे मीच लावले. टोपली वाऱ्यावर झुलायची, मध्य कुठेच ठरायचा नाही. सरांना खरं कळवलं. त्यांचं उत्तर मी कुणाला दाखवत नाही.

आता घरात मी काहीही सांगितलं, दूध तापलं, दार लावलं, पाऊस थांबला, तरी काकू क्षणभर माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "टोपण काढून बघितलंस ना?"