देवकीच्या माथी मारलेला डाग

देवकीने पोटुशी असताना ग्रहणात कोयता धरला, म्हणून तिच्या पोरीच्या मानेवर डाग उठला, हे गेली सव्वीस वर्षं तिच्या पाड्यावर सगळ्यांना तोंडपाठ आहे. नवऱ्याने ऐकवलं, सासूने ऐकवलं, शेजारणींनीही हात धुऊन घेतले. तेव्हा ती पडघ्याला आमच्याकडे कामाला होती, आता वडप्याच्या गोदामात खोकी भरते. आठ तास उभं राहायचं आणि घरी जाऊन टोमणे खायचे. मला तर तिच्या गप्प बसण्याचाच संताप यायचा.

देवकीच्या या लेकीच्या, भाग्यश्रीच्या, कानामागून खांद्यापर्यंत तपकिरी, खरखरीत चामखिळींची ओळ आहे. दुखत नाही, खुपत नाही. यंदा तिला दिवस गेले आणि राहनाळच्या तिच्या सासूने, चंद्राने, जाहीर केलं की पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही. असल्या आईच्या हाती सून द्यायची नाही म्हणे!

देवकीने गोदामात खाडे करून लेकीला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं, कातडीचा तुकडा तपासून घेतला. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून रिपोर्ट समजावायला मला राहनाळला घेऊन गेली.

"भाग्यश्री पोटात असताना तिच्या एका पेशीत जनुकातलं एक अक्षर आपोआप बदललं," मी सांगितलं. "त्या पेशीपासून जेवढी कातडी वाढली, तेवढी अशी झाली. हा कॅन्सर नाही, कुणाला लागत नाही, बाळाला व्हायचा संभवही फार थोडा. आईचा यात काडीचा दोष नाही."

"कागद ऱ्हाऊ द्या बाई," चंद्रा म्हणाली. "हिनं गरानात कोयता चालवला का न्हाय, त्येवढं इचारा."

"चालवला," देवकी म्हणाली.

मी भडकलेच. "अगं, पण ग्रहणात तुला कोयता घ्यायची गरजच काय होती?"

ती माझ्याकडे वळली. "तुमचा बंब व्हता ना बाई. गरान सुटल्यावर तुमच्या समद्यांच्या आंघोळी व्हत्या. लाकडं कोन फोडनार?"

मला सगळं आठवलं. माझा मुलगा मिहिर तेव्हा पोटात होता. सासूबाईंनी मला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं होतं, सुईलाही हात लावू दिला नव्हता. आणि बाहेर पाच महिन्यांच्या पोटुशी देवकीला त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हा लोकांना काही होत नसतं." मी ते ऐकलं होतं. ऐकून कूस बदलली होती.

मला माझाच इतका राग आला की मोबाइल काढला आणि मिहिरचा पोहतानाचा फोटो चंद्रापुढे धरला. त्याच्या पाठीवर तळहाताएवढा, तसाच तपकिरी, खरखरीत चट्टा आहे.

"मी साधी सुरीही धरली नव्हती," मी म्हणाले. "तरी हा आला. आमच्या घरात याला भाग्याची खूण म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी कधी कुणाला दिसू दिला नाही."

चंद्राने फोटो दोनदा मोठा करून पाहिला.

"सातव्यात घेऊन जा पोरीला," ती देवकीला म्हणाली.

आम्ही रस्त्याला लागलो. देवकी थांबली.

"बाई, पोराची पाठ तुमी रोज बघत व्हता," ती म्हणाली. "माज्या सासूला येकदा तरी सांगायचं व्हतं."