सानूच्या क्लबमधलं बिनकडीचं दार

मंडळी, फार उशिरा लिहितोय, आधी माफी मागतो. सानूला त्रास होतोय असं मी इथं लिहिलं तेव्हा तुम्ही किती जणांनी विचारपूस केली, कुणी औषधं सुचवली... आणि मी महिनाभर कुणालाच उत्तर दिलं नाही. खरं सांगू, लिहिण्यासारखं काही नव्हतंच. आता आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सानू माझी नात, दुसरीत आहे. शाळा सुटली की ती इथंच जरीपटक्यात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून वंदनाताईंच्या क्लबमध्ये जाते. खाणं, अभ्यास, खेळ... साडेसहापर्यंत तिथंच. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर असतात.

घरात म्हातारा असताना क्लब कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण मीच आहे.

दोन वर्षांपूर्वी ती घरी बाथरूममध्ये अडकली. आतली कडी गच्च बसली होती, आणि मला ऐकू कमी येतं... पोर किती वेळ हाका मारत होती कोण जाणे. सातवी शिकलेला सुतार मी, चाळीस वर्षं लोकांची दारं बसवली. पण त्या दिवशी स्वतःच्या घरचं दार पटाशीनं फोडावं लागलं. त्यानंतर तिला एकट्यानं सांभाळायची माझी हिंमतच झाली नाही.

तेव्हापासून घरी ती दार उघडं ठेवते आणि मी बाहेर पाठ करून उभा राहतो. क्लबमध्ये कोण उभं राहणार? सून नोकरीला लागली, सानूचा क्लब सुरू झाला आणि पंधरा दिवसांतच तिला लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टर म्हणाले, पोरगी तासन्‌तास रोखून धरते.

मुलगा म्हणाला, पुन्हा असं झालं तर क्लब बंद. क्लब बंद म्हणजे सुनेची नोकरी बंद... लागून महिनाही झाला नव्हता. घरात मला कुणी दोष दिला नाही. त्याचंच जास्त वाटत होतं.

पुढं महिनाभर काही त्रास झाला नाही. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं, मला वाटलं घरचे माझ्यापासून लपवताहेत. सानू आली की रोज विचारायचो, पाणी किती प्यायली, सू कितीदा केली. एक दिवस ती वैतागली. "आबाजी, तुम्ही रोज तेच काहून विचारून राहिले? दुसरं काही विचारा न."

परवा मुलाला उशीर होणार होता, म्हणून तिला आणायला मी गेलो. साडेसहाला जायचं होतं, मी पावणेसहालाच हजर. मुलं अंगणात खेळत होती. माझी नजर सवयीनं आधी दारांवर गेली.

बाथरूमचं दार उघडं होतं आणि त्याला आतून कडीच नव्हती. स्क्रूची चार भोकं, मेणानं बुजवलेली... माझं डोकंच फिरलं. लहान मुलींचं बाथरूम आणि कडी नाही?

वंदनाताई स्वयंपाकघरात पोह्यांच्या प्लेटा धूत होत्या. मी जे तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला लोकांच्या लेकरांची काळजी नाही, म्हणूनच माझी नात आजारी पडली, असंही बोलून गेलो. त्यांनी हात पुसले आणि खुर्ची पुढं केली.

"काकाजी, बसा आधी. अन् तिकडं पाहा."

बाथरूमचं दार आता पूर्ण लागलं होतं. बाहेर गुलाबी चपलांचा जोड नीट ठेवलेला. एक मुलगी धावत आली, चपला बघून जागेवर थांबली आणि ओरडली, "आत कोण आहे वं?"

"सानू आहो मी. थांब न जराशी."

माझ्या कानांनाही ते स्पष्ट ऐकू आलं. दोन वर्षांत त्या पोरीनं स्वतःहून दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कडी मीच काढली," वंदनाताई म्हणाल्या. सानू तिकडं जायचंच टाळते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तिला एकदा जवळ घेऊन विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. मग त्यांनी सगळ्या लहान मुलांसाठीच नियम केला... आत जाताना चपला बाहेर काढायच्या, आणि चपला दिसल्या तर कुणी दाराला हात लावायचा नाही. एकटीसाठी केलं असतं तर पोरांनी तिला चिडवलं असतं. मोठ्या मुलींना बाजूचं कडीचं बाथरूम आहेच.

माझ्या सुनेला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग मलाच का नाही सांगितलं?

वंदनाताई म्हणाल्या, "सानूनंच नाही म्हटलं, काकाजी. म्हणे आबाजीले सांगू नका, त्या दाराचं नाव काढलं की ते रडतात."

मला वाटत होतं, मी रडतो ते कुणाला दिसत नाही... सात वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती.

मी हात जोडून माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी राहू द्या, ते दार खाली घासते, जरा रंधा मारून द्या. काल जाऊन मारून आलो. आता ते घासत नाही.

वंदनाताई, तुमचे उपकार मानायला मला शब्द येत नाहीत.

आणि मंडळी, तुमचीही लेकरं-नातवंडं अशा ठिकाणी जात असतील. एकदा तिथलं बाथरूम बघून या, आणि तिथं भीती वाटते का, हे पोरांना प्रेमानं विचारा. काय म्हणाली ते मला इथं लवकर कळवा... नाहीतर आता मला तुमच्याही पोरांची काळजी लागून राहील.